अंगाला लागतं ते आपलं, बर्फाला लागतं ते भाड्याचं: कोल्हापुरातून स्नोबोर्डिंगला निघताना

पहिल्या हिवाळ्यात गुलमर्गला निघालो तेव्हा बोर्ड (दोन्ही पाय आडवे बांधून जिच्यावर घसरायचं ती एकच फळी) माझा स्वतःचा होता आणि बूट तिथे गेल्यावर भाड्याने घ्यायचे ठरवले होते. बोर्ड एका ओळखीच्याकडून जुना घेतलेला, १६२ सेंटीमीटर लांब आणि वाकवता वाकणार नाही असा कडक. दुकानात मिळालेले बूट एक नंबर मोठे होते. "जाड मोजे घाला, बसतील," असं दुकानदार म्हणाला आणि मी दोन मोजे चढवले. दुसऱ्या दिवशी चवड्यावर भार देऊन वळायला गेलो की बूट बोर्डला धरून राहायचा आणि माझी टाच आतल्या आत दोन बोटं वर उचलायची. मी वळायचो, बोर्ड सरळच जायचा. संध्याकाळी बुखारीपाशी, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीपाशी, बसून मोजे काढले तर दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड होते. तिसरा आणि चौथा दिवस खोलीत गेला. बाहेर मात्र त्या दोन दिवसांत त्या हंगामातला सगळ्यात चांगला बर्फ पडून राहिला होता.

त्यानंतर पाच हिवाळे वर गेलो. प्रत्येक वेळी सामानात काहीतरी बदललं, पण हिशोब एकाच गोष्टीवर येऊन थांबला: अंगाला लागतं ते स्वतःचं घ्यायचं, बर्फाला लागतं ते भाड्याने. बूट, मोजे, आतले कपडे, हातमोजे, गॉगल, हेल्मेट हे अंगाला लागतं, आणि अंग रोज तेच असतं. बोर्ड बर्फाला लागतो, आणि बर्फ रोज वेगळा असतो. सकाळी काचेसारखा, दुपारी ओल्या साखरेसारखा, आणि रात्रीतून दोन फूट पडला तर उजाडताना मैद्यासारखा. एकच बोर्ड घेऊन या तिन्हींना सामोरं जाणं सरावलेल्या माणसाला जमतं, नवशिक्याला नाही.

कुठे जायचं, कधी जायचं

मनालीजवळचं सोलंग, उत्तराखंडातलं औली आणि काश्मिरातलं गुलमर्ग ही आपल्यासाठी तीन ठिकाणं.

सोलंग साधारण २,५०० मीटरवर, मनालीपासून १३ किलोमीटर. उतार आखूड आणि पर्यटकांची गर्दी भरपूर. बोर्डवर उभं राहून बघण्यापुरते दोन दिवस ठीक आहेत, पण त्यासाठी एवढा लांबचा प्रवास करू नये असं माझं मत. औली शिकायला चांगलं. उतार सौम्य आणि रुंद आहेत, आणि गढवाल मंडल विकास निगमाचे ७ आणि १४ दिवसांचे स्कीइंग कोर्स तिथे वर्षानुवर्षं चालतात. मात्र ऋषिकेशहून ज्योतिर्मठपर्यंत सुमारे २५० किलोमीटर घाट आहे. जानेवारी २०२३ मध्ये ज्योतिर्मठची (तेव्हाचं जोशीमठ) जमीन खचली तेव्हा तिथला रोपवे बंद झाला, म्हणून वर रस्त्याने जायचं हेच धरून निघा. उंची ३,००० मीटरच्या आसपास असल्यामुळे कमी बर्फाच्या वर्षी औली लवकर उघडं पडतं.

मी सांगेन ते गुलमर्ग. गाव २,६५० मीटरवर. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून वर जाणाऱ्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगदूरीला, साधारण ३,०८० मीटरवर सोडतो आणि दुसरा टप्पा गावामागच्या अफरवट डोंगराच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जरासं खाली. पहिला टप्पा १९९८ ला सुरू झाला, दुसरा २००५ ला. गावातल्या मैदानापाशी नवशिक्यांचे बुटके उतार आहेत, म्हणजे पहिले तीन-चार दिवस गोंडोलाचं तिकीटही लागत नाही. भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था इथेच आहे. कुठल्याही सरकारी कोर्सला नाव घालताना मात्र आधी विचारून घ्या: कोर्स मुख्यतः स्कीचे असतात, बोर्ड शिकवणारा प्रशिक्षक आहे की नाही ते फोनवर ठरवूनच पैसे भरा.

काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलान' म्हणजे कडक थंडी, मग वीस दिवस 'चिल्लई खुर्द', मग दहा दिवस 'चिल्लई बच्चा'. मी खुर्दचे वीस दिवस धरतो, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. तोपर्यंत खालचा थर दाबून बसलेला असतो आणि वरून ताजा पडत राहतो. डिसेंबरात थर पातळ असतो, खालचे दगड आणि झाडांचे बुंधे अर्धवट झाकलेले असतात. तिथला बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून. ते आलेच नाहीत तर काय होतं ते जानेवारी २०२४ ने दाखवलं: भर चिल्लई कलानमध्ये गुलमर्गचं मैदान तपकिरी होतं, बर्फ महिन्याच्या अगदी शेवटी आला. म्हणून तिकिटं तारीख बदलता येतील अशी काढा आणि निदान सात रात्री ठेवा. वादळात दुसरा टप्पा एक-दोन दिवस बंद राहणं नेहमीचं आहे. गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधीच काढून ठेवा.

प्रवासाचं थोडक्यात. कोल्हापूरहून मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठायचं, पुढे दिल्ली, मग श्रीनगर. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरणारी काही विमानं आकाराने लहान असतात, दीड मीटरची बोर्डबॅग घेतील की नाही ते विमान कंपनीला आधी विचारावं लागतं. बोर्ड भाड्याने घ्या म्हणतो त्यामागे हेही एक कारण. बूट मात्र हातातल्या बॅगेतच न्या. बाकीचं सामान मागे राहिलं तरी बुटांमुळे दिवस वाया जात नाही. श्रीनगरहून गुलमर्ग ५० किलोमीटर, आणि शेवटचे १३ किलोमीटर टंगमर्गनंतरचा घाट. ताज्या बर्फात तिथे चाकांना चेन लावलेल्या गाडीशिवाय वर जाता येत नाही. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं.

आठ आठवडे आधी, इथेच

बोर्डिंगचं निम्मं काम मांड्यांचं. आणि मांड्यांसाठी कोल्हापूरच्या तालमीत जे शिकवतात त्यापेक्षा चांगलं मला कुठे मिळालं नाही. बैठका घाला. रोज पन्नासपासून सुरू करून आठव्या आठवड्यात दोनशेवर या. घाई नको, खाली जाताना सावकाश, कारण उतारावर मांडी सगळा वेळ आखडून भार तोलत असते. आठवड्यातून दोनदा जोतिबाचा डोंगर किंवा पन्हाळ्याची पायवाट चढा, आणि उतरताना जास्त लक्ष द्या. गुडघा उतरतानाच घडतो.

दुसरं म्हणजे पडणं. नवशिके मनगट मोडून घेतात. स्नोबोर्डिंगमध्ये सगळ्यात जास्त होणारी दुखापत हीच, कारण माणूस पडताना सवयीने पंजा टेकतो. माझ्या गल्लीतल्या वस्तादांकडे मी दोन आठवडे संध्याकाळी लाल मातीत फक्त पडायला जायचो. पुढे पडलो तर मूठ वळून कोपरापासूनचा हात टेकायचा. मागे पडलो तर हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि लोळण. वस्ताद पाठीमागून न सांगता ढकलायचे आणि तळवा उघडा दिसला की बोटांवर हलकी चापट. पहिल्या आठवड्यात दहापैकी आठ वेळा बसायची.

तोल साधायला उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये मी चार इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा आणि त्यावर अठरा मिलिमीटर प्लायची फळी ठेवली, दोन्ही टोकांना खालून लाकडी अडसर. त्यावर रोज दहा मिनिटं. कोणता पाय पुढे ठेवायचा तेही इथेच ठरवून टाका: मोजे घालून गुळगुळीत फरशीवर चार पावलं पळत या आणि घसरा, जो पाय आपोआप पुढे जातो तो तुमचा पुढचा. डावा असेल तर 'रेग्युलर', उजवा असेल तर 'गूफी'. भाड्याच्या दुकानात पहिला प्रश्न हाच असतो.

बूट: सगळ्यात जास्त वेळ आणि पैसे इथे

बूट कोल्हापुरात मिळत नाहीत. मोठ्या शहरातली दुकानं किंवा ऑनलाइन, आणि परत करता येईल अशाच ठिकाणाहून.

माप सेंटीमीटरमध्ये असतं. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच टेकून कागदावर उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा. २७ सेंटीमीटर आलं तर माप २७, म्हणजे आपल्या नेहमीच्या नंबरात साधारण ८. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. मग एकच पातळ लोकरी मोजा घालून बूट चढवा, टाच जमिनीवर दोन-चारदा आपटून मागे बसवा, आणि आधी आतला लायनर (बुटातला सुटा निघणारा मऊ थर), मग बाहेरचं आवळा.

सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढच्या टोकाला टेकलाच पाहिजे. चपलांची सवय असलेल्याला हे आधी फार घट्ट वाटतं. आता गुडघे पुढे वाकवा: अंगठा किंचित मागे सरला आणि बोटं हलवता आली तर माप बरोबर. मग चवड्यांवर उभे राहा. टाच आत उचलली जातेय का? किंचितही जाणवली तर तो बूट परत करा, मग तो कितीही स्वस्त असो. शेवटी अर्धा तास घरात घालून वावरा. कुठे टोचलं तर उतारावर तिथेच फोड येणार. बोटं बधिर झाली तर बूट अरुंद आहे.

बंद करायच्या तीन पद्धती असतात: साधी नाडी, ओढायची नाडी आणि चकती फिरवून तार आवळणारी बोआ. बोआ हातमोजे न काढता आवळता येते. दोन चकत्यांची असली तर घोटा आणि चवडा वेगवेगळे आवळता येतात, आणि पैसे असतील तर तीच घ्यावी. कडकपणा एक ते दहा असा सांगतात, त्यात नवशिक्याने तीन-चारच्या आसपास राहावं. कडक बूट चूक माफ करत नाही.

खोलीत बूट वाळवताना लायनर बाहेर काढून बुखारीपासून निदान चार-पाच फूट दूर ठेवा. आतला फोम उष्णतेने बदलतो. माझ्या मावसभावाने एका रात्री लायनर बुखारीच्या पत्र्याला टेकवून ठेवला आणि सकाळी त्याचा डावा घोटा कडक पापडासारखा झाला होता.

कपडे

आपण इचलकरंजीच्या शेजारचे, सुती कापडात वाढलेलो. तरी बर्फावर अंगाला सूत लावू नका. बनियनसुद्धा नाही. सूत घाम धरून ठेवतं, ओलं झालं की त्याची ऊब जाते, आणि वारा लागला की तेच अंगातली उष्णता ओढून घेतं. आतला थर मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा, अंगाला चिकटून बसणारा. त्यावर फ्लीस. सगळ्यात वर पाणी आणि वारा अडवणारं कवच, ज्यात स्वतःचं फुगीर, उबदार भरण नसतं. जीन्सवर मोठी जॅकेट चढवून आलेली माणसं दर वर्षी दिसतात आणि दुपारपर्यंत कुडकुडत परत जातात.

कवचावर दोन आकडे लिहिलेले असतात. पहिला पाणी अडवण्याचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा घामाची वाफ बाहेर सोडण्याचा, ग्रॅममध्ये. कोरड्या थंड बर्फाला १०,००० आणि १०,००० पुरतात. फेब्रुवारीअखेरचा ओला बर्फ असेल, आणि नवशिका म्हणून तासन्‌तास बसायची-पडायची वेळ येणार असेल, तर १५,००० च्या खाली जाऊ नका. पँट जॅकेटपेक्षा चांगली घ्या, कारण बोर्डर बर्फात बसूनच बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला बांधणारे पट्टे, लावतो. कमरेला आतून झालर आणि काखेखाली चेन आहे का ते बघा.

घेतलेलं कवच मी पावसाळ्यात गगनबावड्याला नेऊन तपासतो. घाटात दोन तास मोटारसायकलवर. तिथल्या पावसात शिवणीतून थेंब आत आला नाही तर अफरवटवर येणार नाही. आला तर शिवणीवर आतून टेप लावलेली नाही, हे इथेच कळतं.

थंडीचा अंदाज असा करा: दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. गुलमर्ग गावात उणे ४ असेल तर अफरवटवर १,३०० मीटर वर उणे १२-१३, आणि वारा असेल तर त्वचेला त्याहून बरंच कमी. खाली अंगात घालून गरम वाटणारं वर कमी पडतं. म्हणून जादा पातळ फ्लीस पाठीवरच्या पिशवीत. सुरू करताना किंचित थंडी वाजत असेल एवढंच अंगात घाला.

हातमोज्यांचे दोन जोड न्या. एक भिजतोच. बोटं एकत्र असणारे, मिटन म्हणतात ते, पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा उबदार. आत पातळ लायनर मोजा असला की बाइंडिंग सोडवताना उघडा हात बाहेर येत नाही. मनगटाला आधारपट्टी बांधा, निदान पहिले दोन हंगाम. माकडहाडासाठी आतून फोम लावलेली चड्डी मिळते. पहिल्या तीन दिवसांत तिची किंमत वसूल होते.

हेल्मेट मोटारसायकलचं चालत नाही. ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ २०४० हे बर्फावरच्या हेल्मेटचं मानक छापलेलंच घ्या. पट्टा न लावता डोकं हलवलं तरी ते जागेवर राहिलं पाहिजे, आणि गॉगलची वरची कड आणि हेल्मेट यांच्यात कपाळाची पट्टी उघडी राहता कामा नये.

गॉगलची काच म्हणजे हवामानाचंच सामान. काच किती टक्के उजेड आत सोडते त्यावरून तिची श्रेणी ठरते. लख्ख उन्हाला तिसरी श्रेणी, ८ ते १८ टक्के. ढगाळ दिवसाला पहिली, ४३ ते ८० टक्के, पिवळी किंवा गुलाबी. ढगाळ दिवशी बर्फावर सावलीच पडत नाही, आणि खड्डा-उंचवटा कळत नाही. तिथे गडद काच लावून उतरणं म्हणजे डोळे मिटून उतरणं. काच बदलता येईल असा एकच गॉगल आणि दोन काचा घ्या. आतून वाफ धरली तर बोटाने पुसू नका, आतला लेप निघतो. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या आणि हनुवटीच्या खालूनही लावा, ऊन बर्फावरून खालून वर येतं.

दुकानात बोर्ड निवडताना

लांबी उंचीवरून सांगणारा दुकानदार भेटेल. "हनुवटीपर्यंत आला की झालं," असं म्हणेल. खरं माप वजनाचं. साधारण ५५ ते ६५ किलोला १४७ ते १५३ सेंटीमीटर, ६५ ते ७५ ला १५२ ते १५७, ७५ ते ८५ ला १५६ ते १६०. शिकताना त्यातला आखूड घ्या. रुंदी बुटावरून ठरते: बूट दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर बाहेर आला तर चालतो, त्याहून जास्त आला तर वळताना अंगठा किंवा टाच बर्फात रुतून उलटायला होतं. दहा नंबर आणि पुढच्या पायाला 'वाइड' बोर्डच मागा.

मग तपासणी. माझा धंदा लेथ-मिलिंगचा, त्यामुळे धार आणि आटे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि तुम्हीही बघा. बोर्ड उलटा करून काठावरच्या पोलादी पट्टीवर नखाचा पृष्ठभाग हलकेच आडवा ओढा: धार असेल तर नखाची पांढरी भुकटी निघते. नुसतं घसरलं तर धार गेलेली आहे, कानस मारून द्या म्हणावं. पट्टी कुठे तुटली, वाकली किंवा सुटली असेल तर तो बोर्ड नकोच. खालच्या पृष्ठावर खोल चरा जाऊन आतलं लाकूड दिसत असेल तर तोही परत. पृष्ठ कोरडं, पांढुरकं दिसत असेल तर मेण लावलेलं नाही. बाइंडिंगचे स्क्रू प्रत्येकी चार, आठही स्वतःच्या हाताने आवळून बघा. दुसऱ्या वर्षी मला भाड्याने मिळालेल्या बोर्डचे मागच्या पायाचे दोन स्क्रू गायब होते आणि ते मला अर्ध्या उतारावर कळलं. तेव्हापासून खिशात तीन नंबरचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर असतो.

दोन पायांतलं अंतर खांद्यांपेक्षा थोडं जास्त. बाइंडिंगचा कोन पुढच्या पायाला अधिक १५, मागच्याला उणे ६ ते ९. बोर्ड खाली ठेवायचा तो नेहमी उलटा, बाइंडिंग बर्फात रुतवून. सुटलेला बोर्ड खालच्या माणसाचा पाय मोडतो.

बर्फ ओळखा, मग सामान ठरवा

दाबून सपाट केलेला बर्फ, साफ हवा: शिकायचा दिवस. मधल्या कडकपणाचा, ऑल-माउंटन म्हणतात तसा बोर्ड. बाकी फार विचार करू नका.

सकाळचा गोठलेला कडक बर्फ: आदल्या दुपारी वितळून रात्री गोठलेला. इथे धार सगळं काही. पायांखाली कमान असलेला, कॅम्बर म्हणतात तो बोर्ड धार चांगली रोवतो. मेण थंडीचं, कडक. नवशिक्यांना माझा सल्ला, अकरापर्यंत चहा प्या. उन्हाने वरचा पाव इंच मऊ झाला की तोच उतार सोपा होतो.

दुपारचा ओला, लापशीसारखा: बोर्ड अचानक चिकटतो आणि तुम्ही पुढे फेकले जाता. मऊ, उष्ण तापमानाचं मेण. पँट आणि हातमोजे चांगले असतील तर दिवस जातो. पाय थकलेले असतात तेव्हाच गुडघे मुरगळतात, म्हणून तीनला थांबा.

ताजी पावडर: गुलमर्गला लोक जगभरातून येतात ते यासाठी. गुडघाभर पावडरमध्ये तुमचा शिकायचा आखूड बोर्ड नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, बुडतो. लांब किंवा रुंद नाकाचा, टोकं वर उचललेला, रॉकर असलेला बोर्ड घ्या, वजनाच्या मापापेक्षा पाच-सहा सेंटीमीटर जास्त चालतो. तो मिळाला नाही तर दोन्ही बाइंडिंग एक-दोन भोकं मागे सरकवून घ्या. पहिल्या वेळी मी दोन्ही केलं नाही आणि वीस मिनिटांत मागच्या मांडीत गोळा आला. आणि सपाट जागी थांबू नका. कमरेएवढ्या पावडरमधून उठायला मला दहा मिनिटं लागली होती, बोर्ड काढून त्यावरच हात टेकून उठावं लागलं. झाडांत एकटे शिरू नका, देवदाराच्या बुंध्याभोवती पोकळ खड्डा असतो आणि त्यात डोक्यावर पडलेल्याला स्वतः बाहेर येता येत नाही.

ढग उतरून आला आणि उतार-आभाळ एक झालं तर गॉगलची काच बदला, झाडांच्या कडेकडेने उतरा, नाहीतर गोंडोलाने खाली या.

हिमस्खलन

हा भाग नवशिक्यांनीही वाचावा, कारण दुसऱ्या टप्प्याचं तिकीट कोणालाही मिळतं. अफरवटवरचे उतार बांधलेले, झाडून ठेवलेले नाहीत. गोंडोलाच्या आसपासच्या खोऱ्यावर स्की पॅट्रोल लक्ष ठेवतं, गरज पडल्यास स्फोट करून बर्फ आधीच पाडतं. त्या हद्दीबाहेर कोणी पाडत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलंडचे दोघे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक जण गुलमर्गच्या उतारांवर हिमस्खलनात गेले. ते सरावलेले लोक होते.

बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे नेमका जो उतार बोर्डला छान वाटतो त्यावर. मोठ्या हिमवर्षावानंतरचे पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट, आणि वर जायचा मोहही त्याच दिवशी होतो. धोका एक ते पाच अशा आकड्यात सांगतात. तीन असेल तेव्हाही स्थानिक गाइडशिवाय हद्दीबाहेर जाऊ नका. चार असेल तर खालच्या झाडांतले सौम्य उतार.

बाहेर जायचं तर प्रत्येकाकडे तीन वस्तू: ४५७ किलोहर्ट्झचा बीकन (गाडलेल्या माणसाचा ठिकाणा सोबत्याला कळवणारं, अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र), जोडून लांब होणारी काठी म्हणजे प्रोब, आणि धातूचं फावडं. तुमचा बीकन तुम्हाला वाचवत नाही, सोबत्याचा वाचवतो. गाडलेल्या माणसाची जगण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने उतरते, खालून मदत येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. म्हणून वर जायच्या आदल्या दिवशी मैदानात एक बीकन पिशवीत घालून पुरा आणि शोधायचा सराव करा. शोधताना मोबाइल निदान ५० सेंटीमीटर लांब, तो बीकनला चकवतो. विमा काढला असेल तर हिवाळी खेळ आणि हद्दीबाहेरचा उतार त्यात आहे का ते पानं उलटून बघा.

खिशात काय, पिशवीत काय

गूळ आणि भाजलेले शेंगदाणे. आपला गूळ थंडीत दगडासारखा होतो, म्हणून घरूनच सुपारीएवढे खडे करून न्या आणि आतल्या खिशात ठेवा. पहिल्या दिवशी वर जाऊ नका. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, गुलमर्ग २,६५० वर; डोकं जड झालं, मळमळलं तर तो दिवस खालीच काढायचा, आणि वाढलं तर श्रीनगरला उतरायचं. पाणी तहान नसली तरी प्या. मोबाइल आणि पॉवरबँक अंगालगत, थंडीत बॅटरी झरझर उतरते. पॉवरबँक विमानात हातातल्या बॅगेतच न्यायची.

परत आल्यावर

आमच्याकडे जूनपासून भिंतींना ओल येते, आणि बोर्डची पोलादी धार इथल्या पावसाळ्यात आठ दिवसांत तांबते. पुढे कधी स्वतःचा बोर्ड घेतलात तर मे महिन्यातच हे काम उरका. बाइंडिंग काढा, पृष्ठ ओल्या फडक्याने पुसून पूर्ण सुकवा, धारेवरचा गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा. घरातली जुनी, वाफ नसलेली इस्त्री कमी उष्णतेवर ठेवा, मेणाचा तुकडा तिला टेकवून थेंब पाडा आणि जाड थर पसरवा, दोन्ही धारा झाकेपर्यंत. इस्त्रीतून धूर येता कामा नये, इस्त्री एका जागी थांबता कामा नये, नाहीतर पृष्ठ जळतं. हा थर खरवडायचा नाही. बोर्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत पाणी धरतं. जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर आडवा ठेवा. बुटांचे लायनर वेगळे काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि श्रावणात एकदा बदला. हेल्मेट उन्हात टांगू नका. मेण खरवडायचं ते थेट डिसेंबरात, निघायच्या आदल्या आठवड्यात.